लिफ्ट बंद करा म्हणतोय मी

मंगळवार, ५ नोव्हेंबर

एका ‘हो हो, बघू’ची खरी किंमत किती? आज मांडूनच टाकतो. सकाळची न्याहारी — गेली. धुतलेला शर्ट — ग्रीसने असा बरबटला की ही म्हणते, आता फरशी पुसायला घ्या. घोरपडीचा मूड — आठवडाभर परत येत नाही. माझा घसा — बसला. आणि एवढं सगळं घालवून हातात काय पडलं? ‘हो हो, काका, बघू!’

तेही फोनवर बोलता बोलता! एक फोन कानाला, डोळे दुसऱ्या फोनवर, आणि मान तेवढी माझ्यासाठी हलतेय. इमारतीचा सेक्रेटरी आहे म्हणे. आजपासून मी त्याला होहो म्हणणार.

सकाळी मी आणि घोरपड गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेलो. (इथल्या लिफ्टच्या देखभालीचं कंत्राट माझं, आणि घोरपड म्हणजे माझा फोरमन. लिफ्टच्या विहिरीत हाताला काही नसलं तरी भिंतीला चिकटून चढतो, म्हणून हे नाव. मीच ठेवलंय. गडी खूश आहे त्यावर.) दारातच मला आवाज लागला. लिफ्ट थांबते तेव्हा ब्रेक मिटताना ‘टक्’ व्हायला पाहिजे. कोरडं. होत होतं ‘थप्प’. ओलं. घोरपड म्हणाला, “मालक, वंगण सांडलं असेल जरासं.” मी म्हटलं, हात घाल. घातला. मनगटापर्यंत तेल! गिअरबॉक्सचं सील गेलंय आणि तेल झिरपून ब्रेकवर येतंय. तेल लागलेला ब्रेक म्हणजे साबणाच्या हाताने दोर धरायचा. आज धरेल. उद्या धरेल. परवा?

बंद दाराबाहेर उभं राहून नुसत्या कानाने सांगितलं मी हे. आहे कुणी दुसरा या धंद्यात? असू दे. स्वतःची पाठ स्वतःच थोपटायला वहीइतकी चांगली जागा नाही.

सील नवं, ब्रेकचे लायनर नवे. चार-पाच दिवस लिफ्ट बंद ठेवायची, मशीन उघडायचं, झालं. एवढंच सांगायला होहोकडे गेलो होतो.

सांगितलंही चांगलं खुलवून. म्हटलं, “साहेब, तुमची लिफ्ट माझ्या बायकोसारखी झालीय — सुरू झाली की थांबायचं नाव नाही!” तो खो खो हसला. म्हणजे ऐकू तर गेलं! मग ‘बघू’ कशाला? काय बघणार आहेस? कुणाची तंगडी मोडलेली?

बुधवार, ६ नोव्हेंबर

होहोला फोन केला. उचलला नाही. निरोप लिहून पाठवला. उत्तरादाखल काय आलं? अंगठा! नुसता पिवळा अंगठा! मोठ्या पदवीचा माणूस अंगठा उठवतो आणि मी सातवी नापास रोज पान पान लिहितो.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज मुद्दाम तळमजल्यावर उभा राहिलो. माणसं बघायला.

लिफ्ट आता मजल्याच्या बोटभर वर थांबते. दार उघडतं, माणूस बाहेर येतो, ठेचकाळतो. आणि मग तो खाली बघतो का? छे! हातातल्या फोनकडे बघतो — फोनला काही झालं नाही ना! एक गृहस्थ तर ठेचकाळल्यावर मलाच ‘सॉरी’ म्हणाले. मला! मी चार हात लांब भिंतीला टेकून उभा! अहो, तुमच्या पायाखाली काय होतंय ते तुम्हाला कळत नाही, तर मी सांगितलेलं काय कळणार?

लोकांना वाटतं, ब्रेक सुटला की लिफ्ट धाडकन खाली येते. येत नाही. लिफ्टच्या मागे जे वजन लटकवलेलं असतं ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड. ब्रेक घसरला की ते खाली ओढतं आणि लिफ्ट वर सरकते. माणूस आत पाऊल टाकतोय, दार उघडं आहे, आणि लिफ्ट वर निघाली!

घोरपड म्हणतो, “मालक, स्विच आपल्या हातात आहे. पाडा आणि कुलूप ठोका.”

खरं आहे. तो अधिकार मला आहे. कंत्राट गेलं तर गेलं. पण सातव्या मजल्यावर ताई आहे! तिचे गुडघे पार गेलेत. होहोने सामानाला मंजुरी द्यायच्या आधीच मी लिफ्ट बंद केली, तर हा माणूस महिनाभर ‘बघू’ म्हणत बसेल आणि माझी ताई महिनाभर वर अडकून पडेल. म्हणून आधी त्याची सही, मग सामान, मग बंद. बंद ठेवायची ती चार-पाच दिवसच. घोरपडीला काय, त्याची ताई नाही तिथं.

तिथूनच ताईकडे गेलो होतो. दार उघडायला हा वेळ! आत धाप लागलेली ऐकू येत होती. नुकतीच बाहेरून आली होती, पिशवी दारातच. म्हटलं, “ताई, लिफ्टमध्ये नाचतेस की काय?” ती म्हणाली, “टिल्ल्या, तू आधी पाणी पी.” साठी ओलांडली माझी, वजन काट्याला झेपत नाही, पण तिच्यासाठी मी टिल्ल्याच.

लिफ्ट नीट चालते का, काही धक्का जाणवतो का, विचारलं. “मला काय विचारतोस, वॉचमनला विचार,” म्हणाली. ताईचं असंच. कशात लक्ष नाही!

शनिवार, ९ नोव्हेंबर

ताईला फोन केला. उद्या गाडी पाठवतो, जेवायला ये. तिच्या फोनमध्ये विहिरीत बोलल्यासारखा आवाज घुमतो. नवा फोन घेऊन द्यायला पाहिजे.

रविवार, १० नोव्हेंबर

भरलेलं घर. हिच्या माहेरची मंडळी, मामेभाऊ, त्याच्या सुना. ताईला आणायला गाडी गेली तर ती आधीच खाली, वॉचमनच्या खुर्चीत बसलेली. नेहमीसारखी. गाडीला तिच्यासाठी कधी थांबावं लागत नाही. मी सगळ्यांना सांगितलं — “याला म्हणतात माझी लिफ्ट! माझी ताई सातव्या मजल्यावर राहते आणि तिला एक पायरी चढावी लागत नाही. राणीसारखी वर, राणीसारखी खाली!”

सगळे हसले, टाळ्या दिल्या. ताई ताटातलं चिवडत बसली होती.

मामेभावाने विचारलं, एवढं वर कशाला घेतलंस घर? मग मला जोर चढला. सांगितलं सगळं. आम्ही दोघं जिन्याखालच्या खोलीत वाढलो. खोली कसली, तिरक्या छताचा कप्पा. आई धुण्याभांड्याला जाताना बाहेरून कडी लावून जायची — ही दोघं रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून. मला गंमत वाटायची. ताई दाराला पाठ लावून बसायची, आई येईपर्यंत. आणि डोक्यावरून दिवसभर पाय! वर जाणारे, खाली येणारे. हा दुसऱ्या मजल्याचा कारकून, ही लंगडी म्हातारी, हा चोरपावलांनी येणारा घरमालक — मी आवाजावरून ओळखायचो. माझे कान तयार झाले ते तिथं. तेव्हाच ठरवलं होतं, ताईला सगळ्यात वरचा मजला घेऊन देईन. तिच्या डोक्यावर परत कुणाचे पाय नकोत! आणि दिला.

हिच्या भावाने डोळे पुसले.

ताई म्हणाली, “अरे, मला तळमजलाही चालला असता. ते दार एकदा—” मी म्हटलं, “तळमजल्यावर डास चावतात, वर फक्त मी येतो!” केवढा हशा! ताईसुद्धा हसली. किंचित.

एवढा मी बोलणारा. बोलायला लागलो की चालता माणूस थांबतो. मग त्या होहोलाच काय धाड भरलीय?

मंगळवार, १२ नोव्हेंबर

लिहिताना पान फाटलं. रागाने.

इमारतीची बैठक होती. होहोने शेवटी बोलावलं मला. म्हणाला, “काका, तुम्हीच सांगा सगळ्यांना, तुम्ही छान सांगता.” वीस-पंचवीस माणसं. निम्म्यांच्या मांडीवर फोन. एक जण उघड उघड घोरत होता. मी उभा राहिलो. घसा खाकरला. सांगितलं — सील, तेल, ब्रेक. मान्य आहे, जरा मसाला घातला. म्हटलं, “तुमची लिफ्ट आता सरकारी झालीय, सांगितलेल्या जागी थांबत नाही!” म्हटलं, “बोटभर वर थांबते म्हणजे तिला तुम्हाला सोडवत नाही, प्रेमात पडलीय!” काय हसले लोक! घोरणारा जागा होऊन हसला. एक आजोबा म्हणाले, तुम्ही नाटकात जायला हवं होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई आहेत, घरी शिवणकाम करतात. कापडाचे गठ्ठे घेऊन दिवसातून कितीदा वर-खाली असतात. त्या एकट्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “पण काका, धोका आहे का?”

मी म्हटलं, “धोका तुम्हाला कसला? धोका मला! लिफ्ट अडकली की शिव्या मला पडतात!”

पुन्हा हशा. बाई खाली बसल्या.

आणि मग ठरलं काय? लिफ्टसमोरच्या भिंतीला रंग द्यायचा! पिवळसर की राखाडी, यावर एवढी चर्चा, एवढी चर्चा! मतं घेतली! हात वर केले! राखाडी जिंकला. ब्रेकचा विषय ‘पुढच्या बैठकीत बघू’.

माणसं नाहीत, मडकी आहेत. कान आहेत ते चष्म्याच्या काड्या अडकवायला. मी मरमरून सांगतोय आणि यांना राखाडी पाहिजे!

बुधवार, १३ नोव्हेंबर

घरातसुद्धा तेच. हिला बैठकीचं सगळं सांगत होतो. ही कपड्यांच्या घड्या घालतेय. मध्येच म्हणते, “अहो, ताईंना एकदा नीट विचारा ना, त्यांना खाली कुठं घर हवंय का.”

मी काय सांगतोय, ही काय बोलतेय! मी ब्रेकचं सांगतोय! माझं वाक्य अर्धं राहिलं आणि हिच्या डोक्यात घर!

“तू ऐकतेस का मी काय म्हणतोय?” म्हणून ओरडलो. ही म्हणाली, “ऐकतेय. तुम्ही दोनदा सांगितलंत, दोन्ही वेळा तेच विनोद.” आणि घड्या घेऊन आत गेली.

जेवलो नाही. नंतर उठून जेवलो.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

होहोला सकाळी गाठायचं ठरवलं होतं. गाठला. गाडीची काच खाली करून म्हणाला, “काका, राखाडीत पण दोन छटा आहेत.”

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

झालं.

शिवणकाम करणाऱ्या बाई. गठ्ठा घेऊन तिसऱ्या मजल्यावर उतरत होत्या. एक पाय बाहेर, एक आत, आणि लिफ्ट सरकली. वर. वीतभर सरकली आणि मग ब्रेकने धरलं. धरलं म्हणून बाई आहेत. तोंडावर आपटल्या. उजवं मनगट.

वॉचमनचा फोन आला तेव्हा मी आणि घोरपड जवळच होतो. मी स्विच पाडला, कुलूप ठोकलं, किल्ली खिशात. एका मिनिटाचं काम. इतके दिवस झालं नाही ते एका मिनिटात झालं!

दवाखान्यात बाईंनी डॉक्टरांना पहिला प्रश्न केला — “कात्री कधी धरता येईल?” डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. त्यांनी ऐकलंच नाही. मी ऐकलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

होहोच्या दारात जाऊन उभा राहिलो. जिन्यातच आरडाओरडा सुरू केला मी. “तुला सांगितलं होतं! दहादा सांगितलं होतं! तुझ्या फोनांना आग लागो तुझ्या— माणसाचा हात गेला!” शेजारची दारं उघडली. उघडू देत!

त्याने दोन्ही फोन खाली ठेवले. पहिल्यांदाच. चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, “काका, तुम्ही सांगितलं होतं? तुम्ही विनोद करत होतात! बायको, प्रेम, सरकार — मी घरी येऊन ते सगळं हिला सांगितलं, आम्ही हसलो. धोका आहे का, असं त्या बाईंनी तुम्हाला सरळ विचारलं, सगळ्यांसमोर. तुम्ही काय उत्तर दिलंत? आठवतंय?”

आठवतंय! मला प्रत्येक शब्द आठवतो! तेच तर!

पाठ फिरवली. मी! ज्याला कधी शब्द कमी पडले नाहीत. खाली उतरलो. हलकट आहे तो. निष्काळजी, बेपर्वा, फोनचा गुलाम! पण बोलला ते—

दुपारी वर्कशॉपमध्ये घोरपडीला विचारलं, “तू सांग. मी सांगितलं होतं की नाही त्यांना?”

तो पाना पुसत होता. “सांगितलंत, मालक.”

“मग?”

“तुम्ही हसवत सांगता. तुम्ही हसलात की मलासुद्धा वाटतं, एवढं काही नसेल. मशीनरूममध्ये हात तेलात घातला तेव्हा मी घाबरलो होतो. खाली आलो, तुम्ही सेक्रेटरीला ते बायकोचं सांगितलंत, आणि माझी भीती गेली.”

तो पाना पुसतोच आहे. मग म्हणाला, “आता विषय निघालाय म्हणून. ते घोरपड म्हणू नका, मालक. माझ्या मुलीच्या सासरच्यांसमोर पण म्हणालात.”

“आधी का नाही बोललास?”

“बोललो होतो. तुम्ही म्हणालात, घोरपडीला जीभ असते हे माहीत नव्हतं.”

हो. म्हणालो होतो. सगळ्या कामगारांसमोर. आणि सगळे हसले होते. तोही हसला होता. मी ते हसणं ऐकलं होतं. कानाला जराही ओलं लागलं नाही!

रविवार, १७ नोव्हेंबर

घराबाहेर पडलो नाही.

राग जात नाही. कालपर्यंत तो कुणावर काढायचा ते पक्कं होतं. होहोवर, त्या मडक्यांवर, हिच्यावर, डॉक्टरवर. आज बसल्या बसल्या यादी उलटीकडून वाचतोय असं वाटतं. होहोने काय केलं? मी दिलं तेच घेतलं. विनोद दिला, तो हसला. बैठकीत लोकांनी काय केलं? हसले. मग त्यांना दुसरं काय करायला सांगितलं होतं मी? त्या एका बाईने माझं पूर्ण ऐकलं होतं. एकटीने. तिलाच मी उडवून लावलं, आणि तिचाच हात मोडला!

हे असं बोलणं मी कुठं शिकलो तेही मला माहीत आहे. जिन्याखाली. येणाऱ्या-जाणाऱ्याची नक्कल केली की तो थांबायचा, हसायचा, कधी खाऊ द्यायचा. गरीब पोराकडे दुसऱ्या कशाने कोण बघतं? त्याच जोरावर पुढे सगळं उभं केलं. फाटका माणूस होतो, पण हसवणारा फाटका. दारं उघडली. कंत्राटं मिळाली. आणि मला वाटत राहिलं की लोक माझं ऐकतात! अरे, लोक हसतात! हसून झालं की जातात!

आणि मी तरी काय करतो? समोरचा बोलायला लागला की त्याच्या वाक्यात कुठं विनोद बसेल ते शोधत असतो. वाक्य संपायच्या आत टाकतो. पुढचं वाक्य काय होतं, ते मला कधी कळतच नाही.

फोनवर डोळे ठेवून मान हलवणारा होहो निदान दिसतो तरी, की याचं लक्ष नाही म्हणून. मी तर डोळ्यात डोळे घालून, कान टवकारून—

पुरे. चहा घेतला. साखर नव्हती. हिला सांगितलं नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

होहोकडे गेलो. बसलो नाही. म्हटलं, “सामान आलं की मशीन उघडतो. तोवर कुलूप काढणार नाही. कुणी काढलं तर माणूस मरेल.”

एवढंच. जीभ वळवळत होती, दाताखाली धरून ठेवली.

त्याने तिथंच सही केली. पेन शोधायलाच काय वेळ लागला तेवढा! त्या दिवशी हे एक वाक्य बोललो असतो तर? हा विचार डोक्यात माशीसारखा फिरतोय. हाकलला तरी परत तिथंच बसतो.

मग ताईला फोन. म्हटलं, लिफ्ट बंद आहे, तू तिथं अडकून राहू नकोस. दोन माणसं आणि खुर्ची पाठवतो, अलगद उचलून खाली आणतील, काम होईपर्यंत आमच्याकडे राहा. तर म्हणते, “मी कुठं येत नाही रे. माझं काय अडलंय?”

“अगं, खाली कशी उतरशील?”

“बघेन माझं मी. त्या बाईंचा हात कसा आहे ते सांग.”

“ताई, तुझ्यासाठीच म्हणून—”

“टिल्ल्या, मला खुर्चीत घालून मिरवू नकोस. वय झालंय माझं, मेले नाही अजून.”

फोन ठेवला! जिच्यापायी एवढा जीव टांगणीला लावला, तिलासुद्धा ऐकायचं नाही! मी आयुष्यात पहिल्यांदा विनोद न करता बोलतोय, आणि ताई मला पहिल्यांदाच नाही म्हणतेय. ही आतून म्हणाली, “ओरडू नका, विचारा त्यांना.” काय विचारू? गुडघ्यांनाच विचारतो आता!

मंगळवार, १९ नोव्हेंबर

सामान आलं. मशीन उघडलं. फोरमन दिवसभर वर. मी त्याला नावाने हाक मारली. तो दचकला, पाना पडला.

बुधवार, २० नोव्हेंबर

सील बसलं. ब्रेक मिटला — टक्. कोरडं. फोरमनने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. उद्या एक दिवस रिकामी चालवून बघायची, मग कुलूप काढायचं.

ताई आली नाही ती नाहीच. खुर्ची आमच्या व्हरांड्यात तशीच पडून आहे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

शिवणकामवाल्या बाईंकडे गेलो. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, मशीनवर चादर टाकलेली. मी माफी मागितली. सरळ. म्हटलं, धोका आहे हे मला माहीत होतं. लिफ्ट मी त्याच दिवशी बंद करू शकलो असतो. पण सातव्या मजल्यावर माझी बहीण आहे, तिचे गुडघे गेलेत, ती अडकून पडली असती. म्हणून थांबलो.

बाई म्हणाल्या, “ताई? त्या कुठं लिफ्टने जातात? दार मिटलं की त्यांचा जीव कासावीस होतो. जिन्यानेच असतात रोज. इथं माझ्याकडे टेकतात, पाणी पितात, आणि उरलेले मजले चढतात. गुडघे त्यानेच तर गेले. तुम्हाला सांगितलंय म्हणाल्या होत्या.”

म्हणजे ताई त्या लिफ्टमध्ये एकदाच बसली आहे. घर दाखवायला नेलं त्या दिवशी, माझ्याबरोबर. दार मिटलं तशी ती काही सांगायला लागली होती, आणि मी तिचं वाक्य विनोदाने तोडलं होतं.